सहा साखळ्या

१९८९ साली भाईंदर स्टेशनबाहेरचा एखादा रिक्षावाला चेण्याला यायला तयार झालाच, तर तो धंद्यात नवीन आहे असं खुशाल समजावं. जुने नुसते मान हलवायचे. मग केबिन रोडवरच्या घरातून निघायचं, काशीमिऱ्यापर्यंत बस, पुढे खडीच्या एखाद्या ट्रकला हात करायचा आणि खांद्यावर मोजणीची साखळी, तिपाई, नकाशा काढायची फळी घेऊन घोडबंदर रोडच्या धुळीत उतरायचं. मी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. आठ वर्षं नोकरी झाली होती. तोपर्यंत जमिनीनं मला कधी वैताग दिला नव्हता. वैताग दिला तो माणसांनीच.

काम तसं अर्ध्या दिवसाचं. चेण्याच्या वरच्या अंगाला, जिथं शेतं संपून डोंगराचं जंगल सुरू होतं, तिथं हंसाबाई नावाच्या बाईचं एकच घर होतं. जंगलखात्याचं म्हणणं, की बाईनं घर हळूहळू वर सरकवलं आणि सरकारी जमिनीत घुसवलं. मोजणीच्या जुन्या टिपणात घराच्या ओट्यापासून जंगलाच्या हद्दीच्या बुरुजापर्यंत अंतर लिहिलं होतं सहा साखळ्या. बुरूज म्हणजे चुन्यात बांधलेला कमरेएवढा दगडी खांब. आमची साखळी तेहतीस फुटांची, तेव्हा सहा साखळ्या म्हणजे दोनशे फुटांना दोन कमी. अंतर सहा भरलं तर घर जागच्या जागी आहे, बाईनं सुखानं राहावं. कमी भरलं तर डिसेंबरच्या पंधरा तारखेला घर पाडायचं. सगळं माझ्या आकड्यावर होतं.

बरोबर राघोभाऊ. भाईंदर पश्चिमेच्या जुन्या कोळीवाड्यातला हा माणूस बापाची होडी सोडून आमच्या ऑफिसात शिपाई झाला होता. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. साखळीचं दुसरं टोक कायम त्याच्या हातात. मोजताना मोठ्यानं आकडा म्हणायचा, आणि पहिल्या साखळीला ‘एक’ कधी म्हणायचा नाही, धान्य मोजतात तसं ‘लाभ’ म्हणायचा. मला ते ऐकून हसू यायचं, पण त्याचा आकडा कधी चुकला नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही ओट्यापासून निघालो. लाभ, दोन, तीन, चार. चौथ्या साखळीला राघोभाऊचा गुडघा बुरुजाला लागला.

मी सरळ बाईवर घसरलो. मावशी, घर कधी हलवलंत ते सांगून टाका, म्हणजे आपला दोघांचा वेळ वाचेल. ती ओट्यावर बसून वाल सोलत होती. पन्नाशीला आली नसेल, पण उन्हातान्हानं रापलेली. तिनं ना गयावया केली, ना भांडली. म्हणाली, घर सासऱ्याच्या वेळचं, जोतं बघून घ्या. जोतं मी बघितलं. दगडांत वडाची मुळी शिरून मनगटाएवढी जाड झाली होती. हे घर हललेलं नव्हतं. मग बुरूज बघितला. त्याच्या अंगावर शेवाळाचे थर, पायथ्याशी वारूळ. तोही हललेला नव्हता.

मग ती दोन साखळ्या जमीन गेली कुठे?

हंसाबाई म्हणाली, “सायेब, वर जायाला जवल हाय. येयाला लांब.”

तिचा नवरा महिपत तीन वर्षांपूर्वी कुडाच्या भिंतीसाठी कारवी तोडायला सकाळी वर गेला, तो आला नव्हता. आला नव्हता म्हणजे मेला, असं ती म्हणत नव्हती. येतोय म्हणायची. वाटेवर आहे. कधीकधी दुपारी त्याचा खोकला ऐकू येतो, गेल्या वर्षापेक्षा जवळून येतो. म्हणूनच तिला घर हवं होतं. दुसरी जागा देतो म्हणून गावातले लोक सांगून गेले, पण ही हलायला तयार नाही. घर इथून हललं तर तो येऊन कुठे थांबेल, हा तिचा प्रश्न. मी फळी आवरली. बाईचं डोकं फिरलंय, असं उतरताना मी राघोभाऊला म्हणालो. तो खाली बघत चालत राहिला. एरवी तो उताराला बडबड करत यायचा.

ऑफिसात साहेबांनी आकडा बघितला आणि टिपणाशी जुळत नाही म्हणून पुन्हा मोजा असा शेरा मारला. आठवड्यानं पुन्हा गेलो. ओट्यापासून निघालो. लाभ, दोन, तीन.

तीन.

माझा पारा चढला. राघोभाऊला मी नाही नाही ते बोललो. पिऊन आलात का सकाळी सकाळी, असंही विचारलं. तो शांतपणे म्हणाला, साहेब, साखळी तपासा. साखळी मी रस्त्यालगतच्या पुलाच्या कठड्यावर आखून ठेवलेल्या खुणांवर तपासली, ती चोख तेहतीस फूट. मग नाल्यापलीकडच्या खडकावर तिपाई लावली, फळी मांडली आणि दुरून घर आणि बुरूज दोन्ही नजरेत घेऊन कागदावर रेषा ओढल्या. एकदा, मग जागा बदलून दुसऱ्यांदा. रेषांनी सांगितलं सहा. नजरेला सहा साखळ्या आणि पायाला तीन. हे मी कुणाला सांगणार होतो? मला रडायला आलं, रागानं. आयुष्यात मला एवढी एकच गोष्ट नीट येत होती आणि तीही येईनाशी झाली होती.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. नियम असा, की रेघ जाताना मोजायची, येताना उलटी मोजायची आणि दोन्हींची सरासरी लिहायची. प्रत्यक्षात उलटी मोजणी कुणी करत नाही. जातानाचा आकडा घ्यायचा, त्यात फूटभर इकडेतिकडे करायचं आणि ‘उलट मोजणी’च्या रकान्यात भरून टाकायचं. झाडाखाली बसून दोन मिनिटांचं काम. सगळा जिल्हा असाच मोजलेला आहे. मीसुद्धा या दोन्ही खेपांना तेच करायचं योजून बसलो होतो. आता म्हटलं, होऊन जाऊ दे. बुरुजापासून घराकडे मोजू.

साखळी माझ्या पुढे नव्हती, मी साखळीच्या पुढे होतो. पुढचं टोक माझ्याकडे, मागचं राघोभाऊकडे. लाभ, दोन, तीन. तिसऱ्या साखळीला ओटा यायला हवा होता. घर समोर दिसत होतं, कौलं दिसत होती, ओट्यावरची बाई दिसत होती, आणि गवत संपत नव्हतं. कमरेएवढं पिवळं गवत, मधे करवंदीच्या जाळ्या. जाताना या जाळ्या मी बघितल्या नव्हत्या. एका ठिकाणी ऐनाचं मोठं झाड होतं, त्याच्या सालीवर हात ठेवून मी थांबलो. साल गार होती, भर दुपारी. चार. पाच. राघोभाऊचा आवाज बदलला होता. नऊ म्हणाला तेव्हा माझा पाय ओट्याला लागला. वळून पाहिलं तर ऐनाचं झाड कुठेच नव्हतं, आणि बुरूज हाकेच्या अंतरावर उभा होता.

वर जायला चार मिनिटं लागली होती. घड्याळाप्रमाणे खाली यायला पाऊण तास.

जाताना तीन, येताना नऊ. सरासरी सहा. टिपणातलेच सहा! म्हणजे ज्या कुणी पन्नास-साठ वर्षांपूर्वी ते टिपण केलं, त्यानं दोन्ही बाजूंनी मोजलं होतं, सरासरी लिहिली होती आणि तोंड बंद ठेवलं होतं. मला त्या अनोळखी माणसाचा भयंकर राग आला.

राघोभाऊ ओट्याखाली बसला होता, पाय पोटाशी घेऊन. म्हणाला, “साहेब, सहा-सहा लिहून टाका. जाताना सहा, येताना सहा. बाईचं घर राहील आणि आपण सुटू. परत इथं नको.”

मी म्हणालो, न मोजता आकडा मी लिहिणार नाही. फार ताठ होतो तेव्हा मी. त्याआधी दहा ठिकाणी न मोजता लिहिले होते, पण त्या दिवशी मला तत्त्व आठवलं. खरे आकडे लिहून फाइल पाठवली आणि ती आठच दिवसांत माझ्या टेबलावर आपटली गेली. दोन मोजण्यांत दोन फुटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, तुम्ही सहा साखळ्यांचा फरक आणता, आम्हांला काय मूर्ख समजता का, असं साहेब सगळ्यांसमोर बोलले. पंधरा तारखेच्या आत नवे आकडे द्या, नाहीतर पहिला आकडा धरून घर पाडू. मी जर तेव्हा सहा-सहा लिहिलं असतं! खाली मान घालून, दोन मिनिटांत. पण मला तो डोंगर खोटा पाडायचा होता. जिद्द म्हणा, माज म्हणा. तिसऱ्यांदा निघालो.

डिसेंबरची बारा तारीख. राघोभाऊ सकाळी यायला नको म्हणत होता. त्याची बायको वासंती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, मी तिला म्हणालो, संध्याकाळी पाचच्या आत आणून सोडतो.

ओट्यावरून पाहिलं तर बुरूज अंगणात आल्यासारखा वाटत होता. साखळी लावली. लाभ. झालं. एकच साखळी. मी बुरुजावर हात ठेवून मागे पाहिलं. हंसाबाईच्या सुपातले वाल मोजता येतील इतकं घर जवळ होतं.

मग उलटे निघालो.

त्या चालण्याबद्दल फार सांगता येत नाही. ऐनाचं झाड पुन्हा आलं, पण आता ती पाच-सात झाडं होती. एक कोरडा ओहोळ ओलांडला. पाखरं नव्हती, वाटेत माणूस एकही भेटला नाही. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज मात्र सारखा येत होता, अगदी जवळून, त्यामुळे जास्तच चीड येत होती. राघोभाऊ मागून आकडे म्हणत होता. मी वळून बघत नव्हतो, नुसता ओरडत होतो, साखळी ताणून धरा, झोल पडतोय, ताणून धरा. दहा. मी पुढे चालत राहिलो आणि साखळी ताणली गेली तेव्हा माझा पाय ओट्यावर पडला. अकरा. एक आणि अकरा, सरासरी सहा. सव्वादोन वाजले होते.

“या राघोभाऊ,” मी म्हणालो.

तो साखळीच्या मागच्या टोकाशी उभा होता. तेहतीस फुटांवर. त्यानं टोक खाली सोडलं, खुणेच्या सळ्या काखेत मारल्या आणि चालायला लागला. मी साखळी ओढून गोळा करू लागलो. साखळी सगळी हातात आली. राघोभाऊ चालत होता.

दोन मिनिटं गेली असतील. तो चालत होता.

त्याचे पाय उचलले जात होते, पडत होते. बाजूचं गवत मागे जात होतं. तो होता तिथंच होता. आधी माझ्याकडे बघून हसला. मग हसायचा थांबला.

“चला की लवकर, नाटकं कसली करताय!” मी ओरडलो.

“येतोय साहेब. हे काय, आलोच.”

मी साखळीचं टोक त्याच्याकडे फेकलं. ते गवतात पडलं, आमच्या बाजूला. पुन्हा फेकलं. तो हात पुढे करून चालत होता. त्याचा शर्ट घामानं भिजलेला दिसत होता, गळ्यातला ताईत दिसत होता.

मी ओट्याखाली एक पाय टाकला.

हंसाबाईनं मागून माझी कॉलर धरली आणि असा हिसडा दिला, की मी भिंतीवर आपटलो. “तुमी पन गेलात तं तुमालाबी येयाला लागंल,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि माझा शर्ट धरून बसून राहिली.

तीनला तो गवतात कमरेपर्यंत दिसत होता. चारला नुसतं डोकं. मग आकडे ऐकू यायला लागले. तो पावलं मोजत होता, लाभपासून. दिवस मावळताना आवाज गेला.

पुढचं सगळं जसं होत असतं तसं झालं. पोलीस आले, जंगलखात्याची माणसं आली, तीन दिवस शोध झाला. ती सगळी माणसं नाल्याच्या वाटेनं वर गेली आणि नाल्याच्या वाटेनंच खाली आली, त्यांना काही झालं नाही आणि काही मिळालंही नाही. बिबट्यानं नेलं असेल, असं ठरलं. चप्पल तरी मिळायला हवी होती, असं वासंती म्हणाली. तिच्या नजरेला नजर द्यायची हिंमत माझ्यात नव्हती आणि आजही नाही. ऑफिसच्या हजेरीपटात राघोभाऊच्या नावापुढे सात वर्षं ‘गैरहजर’ येत राहिलं, मग नाव कमी केलं.

आणि मी काय केलं? तेरा तारखेला सकाळी ऑफिसात बसलो आणि लिहिलं: जाताना सहा, येताना सहा. साहेबांनी न बघता सही केली. घर राहिलं. दोन मिनिटांचं काम होतं.

दर डिसेंबरात मी तिथं जात होतो. कशासाठी, ते बायकोला कधी सांगता आलं नाही. ओट्यावर बसायचं, हंसाबाई चहा करायची, बोलणं फारसं नाही. पलीकडे रोडच्या कडेला इमारती उठत होत्या, काशीमिऱ्याला सिग्नल आला. माझे केस तिशीतच पांढरे झाले होते. कधी दुपारी वारा पडला की फार लांबून आकडे यायचे, हजारांतले. हंसाबाई म्हणायची, येतोय. तिचे दात पडले, पाठ वाकली. बुरूज जवळ येत येत ओट्याच्या पायरीला टेकला होता. त्याच्यावर ती ओलं फडकं वाळत घालायची.

१९९७च्या डिसेंबरात, दुपारी चारच्या सुमाराला, बुरुजामागून एक माणूस बाहेर आला.

पाऊल टाकलं आणि आला, इतकंच. डोक्यावर कारवीचा भारा, कमरेला कोयता. चाळिशीचा असेल. भाऱ्याची पानं हिरवीगार होती, तोडलेल्या टोकांतून रस गळून त्याच्या खांद्यावर ओघळ आला होता. त्यानं भारा अंगणात टाकला, कपाळ पुसलं आणि हंसाबाईकडे बघून म्हणाला, “आत्ये, हंसा कुठं गेली?”

हंसाबाई उठली. अकरा वर्षं मनात धरलेलं ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “हात-पाय धून घे.” आणि पाणी आणायला आत गेली. आत गेल्यावर तिनं तोंडात पदर कोंबलेला मला ओट्यावरून दिसला.

मला मात्र राहवेना. मी महिपतचा दंड धरला. मागे कुणी येतंय का, साखळीवाला माणूस, गळ्यात ताईत, मी विचारलं. आठ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हाती लागेल असं वाटत होतं.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग ओळख पटल्यासारखा हसला.

“सायेब, तुमी माज्या फुडं कसं आलात?”

मी त्याचा दंड सोडला.

“आत्ता तं भेटलात, त्या ऐनांखाली. साकली घेऊन. त्या गड्यावर वराडत व्हतात, तान म्हनून.” महिपतनं थोडी नाराजी दाखवली. “बरा मानूस हाय तो सायेब. दमलाय. त्याला असं बोलू नका.”

मी विचारलं, मी तुम्हांला काही म्हणालो का?

“इचारलंत ना, घर किती लांब हाय. म्हनलो, हे काय, जवलच.”

हंसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. महिपतनं तो घेतला, एक पाय पुढे केला आणि पाणी ओतता ओतता पुन्हा एकदा माझ्या डोक्याकडे बघितलं.

“पन तवा तुमचं केस काळं व्हतं,” तो म्हणाला, आणि दुसरा पाय धुवायला लागला.